किशोरवयीनांच्या निद्रासवयी आणि रक्तदाब : एक विवेचन

प्रस्तावना :
उच्च रक्तदाब हा प्रौढांचा विकार होय, असा सर्वसाधारण समज आहे. तथापि त्याची बीजे किशोरवयातही रुजू शकतात. अपुरी वा खंडित झोप हा त्यामागील एक संभाव्य घटक मानला जातो. प्रस्तुत लेखात या संबंधाचे विवेचन केले आहे.

शरीरक्रियेची बाजू :
निरोगी व्यक्तीचा रक्तदाब झोपेत दिवसाच्या तुलनेत साधारणतः १० ते २० टक्क्यांनी उतरतो. या काळात अनुकंपी चेतासंस्थेची क्रिया मंदावते व हृदयास विसावा मिळतो. झोप वारंवार मोडल्यास हा विसावा अपुरा राहतो.

संशोधनातील निष्कर्ष :
अमेरिकेतील क्लीव्हलँड येथील १३ ते १६ वर्षे वयाच्या २३८ मुलामुलींचा अभ्यास २००८ मध्ये ‘सर्क्युलेशन’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यांची झोप घरीच, मनगटावरील यंत्राद्वारे मोजण्यात आली. अंथरुणावरील वेळेपैकी ८५ टक्के वा त्याहून कमी वेळ प्रत्यक्ष झोपणाऱ्यांत वाढीव रक्तदाबाच्या शक्यतेचे प्रमाण सुमारे साडेतीनपट आढळले. लिंग, वजन व आर्थिक-सामाजिक स्तर विचारात घेऊनही हा संबंध टिकून राहिला. अर्थात, अशा एककालिक पाहणीतून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही. मात्र झोपेच्या तासांबरोबरच तिचा दर्जाही महत्त्वाचा आहे, हे त्यातून सूचित होते.

सवय आणि वेळापत्रक :
वयात येताना मेलाटोनिन स्रवण्याची वेळ रात्री पुढे सरकते. म्हणून उशिरा झोप येणे हा केवळ आळस नव्हे. मोबाईलचा वापर, चहा-कॉफी व रात्रीच्या शिकवण्या त्यात भर घालतात. अमेरिकन अकादमी ऑफ स्लीप मेडिसिनने २०१६ मध्ये १३ ते १८ वर्षे वयोगटासाठी ८ ते १० तास झोपेची शिफारस केली. सकाळी सातच्या तासिकेसाठी साडेपाचला उठणाऱ्या विद्यार्थ्यास किमान आठ तास झोप हवी असल्यास रात्री साडेनऊलाच झोपावे लागेल. शिकवणीहून नऊला परतणाऱ्यास हे कसे साधावे? महाराष्ट्र शासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊ वा त्यानंतर भरविण्याचा निर्णय घेतला. कनिष्ठ महाविद्यालये त्याच्या कक्षेबाहेर राहिली. कॅलिफोर्नियात मात्र २०२२ पासून बहुतेक माध्यमिक विद्यालये साडेआठपूर्वी भरविण्यास कायद्याने प्रतिबंध आहे.

समारोप :
झोपेची नियमित वेळ पाळणे ही विद्यार्थ्याची जबाबदारी खरीच. परंतु तशी वेळ उपलब्ध करून देणे ही वेळापत्रक आखणाऱ्या प्राध्यापकवर्गाचीही जबाबदारी ठरते. पहिल्या तासिकेला डुलक्या घेणाऱ्या विद्यार्थ्याकडे शिस्तीच्या दृष्टीने पाहण्यापूर्वी आरोग्याच्या दृष्टीने पाहणे आवश्यक आहे. वार्षिक आरोग्य तपासणीत रक्तदाबाच्या नोंदीसोबत झोपेची विचारपूस झाल्यास त्याचा आरंभ होऊ शकेल.