घोळणा, कांदा आणि नाकामागची गाठ

नाशिक हे नावच नाकावरून पडलं, असं पंचवटीत कुणीही सांगेल. लक्ष्मणाने शूर्पणखेचं नाक कापलं ते इथेच. याच नाशकात एप्रिल-मेच्या उन्हात पोराचा घोळणा फुटला की घरातली आजी आधी कांदा फोडून हुंगायला देते. लासलगावची बाजारपेठ जिल्ह्यातच, तेव्हा कांद्याला काय तोटा! रक्त बहुधा थांबतंही, पण ते कांद्यामुळे नव्हे. नाकाच्या पडद्यावर पुढच्या बाजूला बारीक रक्तवाहिन्यांचं जाळं असतं. कोरड्या हवेने किंवा नखाने ते फुटतं आणि बहुतेकदा आपलं आपण मिटतं.

मात्र बारा-पंधरा वर्षांच्या मुलाचा घोळणा वरचेवर एकाच बाजूने फुटत असेल आणि तीच नाकपुडी महिनोन् महिने चोंदलेली असेल, तर कांदा बाजूला ठेवावा; त्यामागे एक गाठ असू शकते.

नाकाच्या पार मागे उगवणारी अँजिओफायब्रोमा ही दुर्मीळ गाठ जवळजवळ फक्त वयात येणाऱ्या मुलग्यांनाच होते. ती कॅन्सर नव्हे. तरी गरीब म्हणावी अशीही नाही. हाडं सारत ती गालामागे, डोळ्याच्या खोबणीत, कधी कवटीच्या तळापर्यंत जाते.

खरा धोका तिच्या रक्तवाहिन्यांत आहे. एरवी धमनी कापली गेली की तिच्या भिंतीतला स्नायूंचा थर आवळतो आणि रक्त आटोक्यात येतं. या गाठीतल्या वाहिन्यांना तो थर धड नसतोच. त्यामुळे ‘तुकडा काढून तपासा’ हा डॉक्टरी शिरस्ता इथे मोडावा लागतो; बायोप्सी जिवावर बेतू शकते. निदान होतं ते सीटी स्कॅन आणि एमआरआयवरून. गालाच्या हाडातल्या पोकळीची मागची भिंत गाठीच्या रेट्याने पुढे झुकते. होल्मन आणि मिलर यांनी १९६५ साली नोंदवलेली ही खूण डॉक्टर आजही शोधतात.

उपचारांत आधी गाठीचं रसद-पाणी तोडतात. जांघेतल्या धमनीतून बारीक नळी थेट चेहऱ्याच्या धमन्यांपर्यंत नेऊन, गाठीला रक्त पुरवणाऱ्या फांदीत सूक्ष्म कण सोडून ती बुजवतात. मग एक ते तीन दिवसांत शस्त्रक्रिया. पूर्वी त्यासाठी नाकाच्या कडेने चेहरा उघडावा लागे. आता पुष्कळ गाठी दुर्बिणीने नाकपुडीतूनच निघतात. मुळाशी अंश उरला तर गाठ पुन्हा वाढते, म्हणून पुढची काही वर्षं तपासण्या चुकवून चालत नाही.

आणि साधा घोळणा फुटला तरी मुलाला उताणं झोपवू नका. बसवा, मान पुढे झुकवा, नाकाचा मऊ भाग दहा मिनिटं चिमटीत घट्ट धरा. तेवढ्याने थांबलं नाही, तर दवाखाना गाठा.