मॅनेजर पाहिजे: पार्ट्स आणि सर्व्हिससाठी

‘मॅनेजर पाहिजे. पार्ट्स आणि सर्व्हिस विभागासाठी. अनुभव आवश्यक, पगार योग्यतेनुसार.’ चंद्रपूर, ब्रह्मपुरी, देसाईगंज किंवा गडचिरोलीतल्या ट्रॅक्टरच्या नाहीतर ट्रकच्या शोरूमचा मालक अशी तीन ओळींची जाहिरात देतो. आठ-दहा अर्ज येतात. त्यातला जो नीटनेटका येतो, इंग्रजी बरं बोलतो आणि ‘नागपूरला मोठ्या डीलरकडे होतो’ असं सांगतो, त्याला घेतलं जातं. आणि पुष्कळदा असं होतं, की वर्षाच्या आत तीच जाहिरात पुन्हा द्यावी लागते. असं का होतं आणि माणूस निवडताना नेमकं काय पाहावं, याबद्दल आज थोडं बोलू.

आधी हे काम काय आहे ते बघा. गाडी विकली की विक्री विभागाचं काम संपतं. पुढची दहा-पंधरा वर्षं त्या गाडीचा संबंध येतो तो दुरुस्तीच्या शेडशी आणि सुट्या भागांच्या काउंटरशी. या दोन्ही ठिकाणची माणसं एकमेकांकडे बोट दाखवण्यात पटाईत असतात. मेकॅनिक म्हणतो, ‘पार्ट नाही, मी काय करू?’ काउंटरवाला म्हणतो, ‘आधी सांगितलंच नाही, मी कुठून आणू?’ या दोघांच्या मधे बसलेल्या माणसाचं नाव मॅनेजर.

आपल्या एस.टी.त ही दोन कामं मुद्दाम वेगळी ठेवलेली आहेत. गाडी दुरुस्त करणारं यांत्रिकी खातं वेगळं, सुटे भाग सांभाळणारं भांडार खातं वेगळं. रोजची देखभाल आगारात, मोठी कामं विभागीय कार्यशाळेत, आणि बसबांधणीसाठी हिंगणा, दापोडी, चिकलठाणा इथल्या मध्यवर्ती कार्यशाळा. भाग वापरणारा एक आणि भाग देणारा दुसरा, त्यामुळं एकाच्या नोंदीवर दुसऱ्याची नजर राहते. खासगी शोरूमला एवढी माणसं परवडत नाहीत. तिथं दोन्ही किल्ल्या एकाच माणसाच्या कमरेला असतात. म्हणून तो माणूस निवडताना एस.टी.पेक्षाही जास्त काळजी घ्यायला हवी.

आता आपल्या भागाची गोष्ट. नागपुरात एखाद्या डीलरकडे बेअरिंग नसेल तर पोऱ्याला मोटरसायकलवर पाठवून तासाभरात आणता येतं. चंद्रपूरहून नागपूर दीडशे किलोमीटर. गडचिरोलीहून थोडं जास्तच. अहेरी, एटापल्ली, सिरोंचा तर त्याच्याही पुढं. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा रस्ता बंद होतो, हे आपण दर वर्षी वर्तमानपत्रात वाचतो. १ जानेवारी २०२५ रोजी मुख्यमंत्र्यांच्या हस्ते एटापल्ली तालुक्यातल्या वांगेतुरी, गर्देवाडा, गट्टा या गावांवरून अहेरीला जाणारी एस.टी. सुरू झाली. स्वातंत्र्यानंतर पहिल्यांदा त्या रस्त्यावर बस धावली. अशा मार्गावरची एक गाडी क्लच प्लेटसाठी उभी राहिली, तर त्या दिवशी बाजार, दवाखाना, तालुक्याचं काम, सगळंच उभं राहतं. शहरात गाडी बंद पडली तर दुसरी मिळते. इथं ती मिळेलच असं नाही.

धानाच्या पट्ट्यात हेच वेगळ्या रूपानं दिसतं. ब्रह्मपुरी, नागभीड, सिंदेवाही, मूल, सावली, आणि वैनगंगेच्या पलीकडे आरमोरी, कुरखेडा. पाऊस लागला की चिखलणीसाठी ट्रॅक्टर बांधीत उतरतो. चिखल पुढच्या चाकाच्या हबमध्ये शिरतो. आधी ऑइल सील जातं, मग बेअरिंग. सीलची किंमत ती काय, तालुक्याला जाऊन-येऊन होणाऱ्या खर्चापेक्षा कमी. पण ते दुकानात नसलं की ट्रॅक्टर चार दिवस उभा. रोवणीच्या बाया ठरलेल्या असतात, त्या दुसरीकडे जातात. पऱ्ह्यांचं वय वाढतं, आणि वय झालेल्या पऱ्ह्यांना फुटवे कमी येतात. एका सीलचा हिशेब असा थेट खळ्यापर्यंत जातो.

सुट्या भागांचा साठा ठेवण्याचं एक शास्त्र आहे. जनरल इलेक्ट्रिक या अमेरिकन कंपनीच्या फोर्ड डिकी यांनी १९५१ साली ‘एबीसी’ पद्धत मांडली. ज्या थोड्या वस्तूंत सगळ्यात जास्त पैसा अडकतो त्या ‘ए’, मधल्या ‘बी’, आणि संख्येनं पुष्कळ पण किमतीनं किरकोळ त्या ‘सी’. दुसरी पद्धत ‘व्हीईडी’. ती दवाखान्यांच्या औषधभांडारातही वापरतात. तिच्यात किंमत पाहायची नाही. ही वस्तू नसली तर काम अडेल का, एवढंच पाहायचं: अत्यावश्यक, आवश्यक आणि असली तर बरी. ऑइल सील पैशाच्या हिशेबात अगदी तळाचं ‘सी’ आहे, पण जुलै महिन्यात आरमोरीला ते अत्यावश्यक होतं. तेच सील नागपुरात जुलैतही अत्यावश्यक नाही, कारण अर्ध्या तासावर ते मिळतं. म्हणजे अंतर आणि महिना या दोन गोष्टी भागाची जात बदलतात. हे ज्याला कळतं तो आपला माणूस. उत्तरं पाठ करून आलेला, रोज सकाळी कंपनीची गाडी माल टाकून जाते अशा ठिकाणी वाढलेला माणूस कितीही हुशार असला तरी इथं पहिल्या पावसात अडखळतो.

म्हणून माझं म्हणणं असं, की मुलाखत एसीच्या केबिनमध्ये घेऊ नका. उमेदवाराला स्टोअरमध्ये न्या. मागच्या जुलैची वीस-पंचवीस जॉबकार्डं हातात द्या, एका तासानं परत या आणि विचारा, ‘या कागदांवरून तुम्हाला काय दिसलं?’ कोणती गाडी त्याच तक्रारीसाठी दोनदा आली, कोणतं काम दोन तासांचं असून पाच दिवस चाललं, कुठं पार्ट नाही म्हणून गाडी थांबली, हे त्या कागदांत असतंच. वाचता येणाऱ्याला ते दिसतं. मग पुढचा प्रश्न: ‘पावसाळ्याआधी एक लाखाचा माल भरायचा आहे. काय भराल?’ कच्चा उमेदवार लगेच सुरू होतो, ‘फिल्टर, ऑइल, फॅन बेल्ट...’ पक्का उमेदवार आधी उलट विचारतो, ‘तुमच्याकडून कोणत्या मॉडेलच्या किती गाड्या कोणत्या तालुक्यात गेल्या आहेत? मागच्या वर्षी काय संपलं होतं?’ त्याच्या उत्तराहून त्याचा हा प्रश्न महत्त्वाचा. आणि एक प्रश्न मालक सहसा विचारत नाहीत, तो जरूर विचारा: ‘काय भरणार नाही?’ कपाटात पाच वर्षं धूळ खात पडलेला माल हे पुष्कळ दुकानांचं खरं दुखणं असतं.

दुसरी परीक्षा फोनची. समजा, भामरागडहून ड्रायव्हरचा फोन आला, ‘साहेब, गाडी उचलत नाही, काय करू?’ उमेदवाराला म्हणा, घ्या फोन. चांगला माणूस आधी चेसिस नंबर मागतो. एकाच मॉडेलच्या दोन वर्षांच्या गाड्यांना वेगळा भाग लागू शकतो, आणि चुकीचा भाग दीडशे किलोमीटर पाठवला की दोन दिवस गेलेच. मग तो लक्षणं विचारतो. धूर कसला, आवाज कुठून, डॅशबोर्डवर कोणता दिवा. आणि शेवटी वार सांगतो. ‘उद्या होऊन जाईल’ हे वाक्य आपल्याकडे नमस्कारासारखं वापरतात. परवा होणार असेल तर ‘परवा’ म्हणणारा माणूस सुरुवातीला कडू वाटतो, पण गिऱ्हाईक टिकतं ते त्याच्यापाशीच. ट्रकवाल्याला उशिरापेक्षा अनिश्चितता महागात पडते. नक्की वार कळला तर तो दुसरी गाडी लावतो, ड्रायव्हरला घरी पाठवतो, काहीतरी मार्ग काढतो.

भाषेचंही पाहा. घुग्घुस, बल्लारपूर, गडचांदूरकडचे कोळशाचे नि सिमेंटचे ट्रकवाले हिंदी बोलतात. सिरोंच्याला तेलुगू चालते. चामोर्शी-मुलचेऱ्याकडे बंगाली कुटुंबं आहेत. दक्षिण गडचिरोलीत गोंडी-माडिया. मॅनेजरला हे सगळं यावं अशी अपेक्षा कोणी करणार नाही. पण त्याच्या हाताखाली कोण काय बोलतं हे त्याला माहीत असावं आणि गिऱ्हाईक आलं की योग्य माणसाला पुढं करण्याची बुद्धी असावी.

उधारीबद्दल न बोलता हा विषय पुरा होणार नाही. पार्ट्सच्या काउंटरचं मोठं गिऱ्हाईक म्हणजे गावोगावचे मिस्त्री. शोरूमच्या शेडमध्ये येतात त्याहून किती तरी गाड्या त्यांच्याकडे उघडतात. ते माल नेतात आणि पैसे ‘मागाहून’ देतात. इथल्या पैशाचं स्वतःचं पंचांग आहे. मे महिन्यात तेंदूपत्त्याचा पैसा येतो, दिवाळीनंतर धान विकलं की हातात रक्कम येते, आणि जुलै-ऑगस्ट कोरडे. नेमकी दुरुस्ती निघते ती कोरड्या महिन्यांत. तेव्हा उमेदवाराला विचारा, ‘मिस्त्रीकडे मागची बाकी आहे, आणि आज त्याला क्लच प्लेट हवी आहे. काय कराल?’ ‘देऊन टाकतो’ म्हणणारा दुकान बुडवेल. ‘नियमात बसत नाही’ म्हणणारा मिस्त्रीला समोरच्या दुकानात धाडेल, कदाचित डुप्लिकेट मालाकडेही. मधला मार्ग काढणारा, म्हणजे किती रकमेपर्यंत, कोणत्या तारखेपर्यंत, थोडी जुनी बाकी आज भरून घेऊन, असा विचार करणारा शोधायचा.

पगार कसा द्यावा? इथं दूरचं एक उदाहरण उपयोगी आहे. अमेरिकेतल्या सिअर्स या मोठ्या कंपनीच्या गाडीदुरुस्ती केंद्रांवर जून १९९२ मध्ये कॅलिफोर्निया सरकारनं आरोप ठेवले. ओळख लपवून गाड्या पाठवल्या तेव्हा बहुतेक भेटींत गरज नसलेली कामं गळ्यात मारली गेली होती. चौकशीत बोट दाखवलं गेलं ते कमिशन आणि ठरवून दिलेल्या कोट्याकडे. जितके भाग विकाल तितका पैसा, असं ठरलं की शाबूत भागही बदलले जातात. कंपनीनं त्या सल्लागारांचं कमिशन आणि कोटे बंद केले. आपल्याकडेही मॅनेजरचा भत्ता फक्त पार्ट्सच्या विक्रीवर बांधण्याची पद्धत आहे. मला ती धोक्याची वाटते. त्यापेक्षा गाडी पुन्हा त्याच तक्रारीसाठी परत आली नाही, मागितलेला भाग पहिल्या मागणीला कपाटात सापडला, कंपनीकडचे वॉरंटीचे दावे वेळेत गेले आणि नाकारले गेले नाहीत, यावर भत्ता ठेवला तर माणूस योग्य दिशेनं धावतो. वॉरंटीचं तर विसरूच नका. जुना भाग जपून ठेवला नाही किंवा कागद उशिरा गेला, की तो खर्च मालकाच्याच खिशातून जातो.

मग आपल्याच शेडमधला सगळ्यात चांगला मेकॅनिक वर घ्यावा का? पुष्कळ जण तसं करतात. त्यात चांगला मेकॅनिक हातचा जातो आणि वह्यांना घाबरणारा मॅनेजर मिळतो, असा धोका असतो. त्यात १ एप्रिल २०२० पासून देशात फक्त ‘बीएस-सहा’च्या नव्या गाड्या विकल्या जातात. सेन्सर, युरियाची टाकी, लॅपटॉप लावून काढायचे दोष-क्रमांक, हे सगळं आलं. मॅनेजरनं स्वतः पाना हातात घ्यायची गरज नाही. पण लॅपटॉपनं सेन्सरचा दोष दाखवला म्हणून महागडा सेन्सर मागवण्याआधी ‘वायर उंदरानं तर कुरतडली नाही ना?’ एवढं विचारण्याइतकी समज त्याला हवी. माझा कल काउंटरवर पाच-सात वर्षं काढलेल्या, शेडमध्ये जाऊन उभा राहणाऱ्या स्थानिक मुलाकडे किंवा मुलीकडे आहे. त्यांना संगणक आणि वॉरंटीचे कागद शिकवता येतात. कोणत्या गावाला कोणत्या रस्त्यानं माल लवकर पोचतो, हे बाहेरून आलेल्याला शिकवणं जास्त अवघड. शिवाय बाहेरचा माणूस मुलांच्या शाळेसाठी कुटुंब नागपूरला ठेवतो आणि शनिवारी दुपारी त्याचं लक्ष बसकडे असतं. त्यात त्याचा दोष नाही. बाहेरचाच घ्यायचा असेल तर घराची आणि शाळेची गोष्ट मुलाखतीतच उघडपणे बोला.

चौकशी करताना जुन्या मालकाला फोन करा, पण तेवढ्यावर थांबू नका. त्याच्या जुन्या दुकानाच्या काउंटरवर माल घेणाऱ्या दोन मिस्त्र्यांना विचारा. त्यांचं मत बहुधा जास्त खरं निघतं.

नेमणूक ठरली की पहिल्या दिवशी सगळा साठा मोजा, यादी करा, त्यावर दोघांच्या सह्या घ्या. पुढं कधी माल कमी निघाला तर तो आधीचा की नंतरचा, यावरून भांडणं होतात आणि प्रामाणिक माणसावरही बालंट येतं. ती यादी मालकाला जपते तितकीच मॅनेजरलाही. पुढं दर तीन महिन्यांनी मालकानं स्वतः पंधरा-वीस भाग अचानक मोजून पाहावेत. दोन्ही किल्ल्या एकाकडे दिल्यावर एवढी नजर ठेवावीच लागते.

आणि शक्य असेल तर नेमणूक मार्च-एप्रिलमध्ये करा. जूनमध्ये आलेल्या माणसाला दुसऱ्यानं भरलेल्या कपाटावर रोवणी काढावी लागते. एप्रिलमध्ये आलेल्याला मागची जॉबकार्डं वाचायला, तालुक्यांत एक फेरी मारायला आणि मृग लागायच्या आधी आपल्या हिशेबानं माल मागवायला दोन महिने मिळतात. मग ऑगस्टअखेर त्याच्यासोबत बसा आणि त्याची मे महिन्यातली मागणीची यादी समोर ठेवून, काय संपलं आणि काय तसंच पडून राहिलं, ते एकेक ओळ घेऊन पाहा.