रुतलेली गाडी काढण्याचे सामान : काय घ्यावे, कसे वापरावे

पावसाळा सुरू झाला की माल वाहणाऱ्या गाडीची खरी परीक्षा डांबरी रस्ता संपल्यावर सुरू होते. आपले अनेक व्यापारी बांधव आठवडे बाजार करतात, बागेतून फळ उचलतात, खेड्यापाड्यातून बकऱ्या खरेदी करून शहरात आणतात. 2021 ते 2025 या पाच वर्षांत बकरी ईद जून किंवा जुलैमध्ये आली. म्हणजे बकऱ्यांच्या व्यापाऱ्याचा धंद्याचा हंगाम आणि चिखलाचा हंगाम बहुधा एकच झाला. अशा वेळी भरलेली पिकअप काळ्या मातीत बसली की माल, वेळ आणि गिऱ्हाईक तिन्ही हातचे जातात.

पण नुकसान एवढ्यावरच थांबत नाही. मिळेल तो दोर, मिळेल तिथे बांधून, ट्रॅक्टरला हिसका मारायला सांगणे ही आपल्याकडची सर्रास पद्धत आहे. दोर तुटला किंवा हूक उखडला तर तो गोफणीतल्या दगडासारखा येतो. गाडीमागच्या टो-बॉलला पट्टा अडकवून हिसका मारल्यामुळे ऑस्ट्रेलियात माणसे दगावली आहेत. म्हणून हे सामान निवडण्याची आणि वापरण्याची माहिती आम्ही येथे देत आहोत.

आधी फावडे, मग दोर

गाडी ओढायला किती जोर लागतो? अमेरिकी लष्कराच्या पुस्तकांत एक ढोबळ हिशेब दिलेला असतो. गाडी चाकांपर्यंत रुतली असेल तर तिच्या वजनाएवढा, मडगार्डपर्यंत रुतली असेल तर दुप्पट आणि केबिनपर्यंत गेली असेल तर तिप्पट जोर धरावा. मालासह तीन टनांची पिकअप मडगार्डपर्यंत बसली तर सहा टनांचा ताण आला. एक टन माल उतरवला तर तोच ताण चार टनांवर येतो. चाकांपुढचा चिखल उपसून गाडी मोकळी केली की तो आणखी उतरतो.

म्हणून पहिले सामान फावडे आणि घमेले. माल उतरवावा, जनावरे उतरवावीत, माणसे खाली घ्यावीत. मागच्या ॲक्सलचा गोळा जमिनीला टेकला असेल तर त्याखालची माती काढल्याशिवाय कोणताही दोर उपयोगाचा नाही. एक चाक गरगर फिरते आणि दुसरे जागचे हलत नाही, असे दिसले की ॲक्सिलरेटर सोडावा. डिफरन्शियलचा तो स्वभावच आहे. जास्त रेस दिल्याने चाक फक्त खोल जाते. जॅकखाली जाड फळी ठेवून चाक उचलावे आणि खाली दगड, फांद्या किंवा फळ्या भराव्यात. जॅकवर असलेल्या गाडीखाली मात्र कोणी शिरू नये.

किनाऱ्यावरच्या वाळूत उपाय वेगळा आहे. आखातात ड्रायव्हरची नोकरी केलेल्या कोकणी बांधवांना तो चांगला ठाऊक असतो. तिथे वाळूत शिरण्यापूर्वी चाकांची हवा कमी करतात. 30-32 पौंड हवेवर चालणारी जीप 18 पौंडांवर आणली की टायर पसरतो आणि वाळूवर तरतो. भरलेल्या पिकअपला हे चालत नाही. आधी माल उतरवावा, मगच हवा सोडावी. डांबरी रस्त्यावर येताच हवा पुन्हा भरावी, नाहीतर टायर तापून फुटतो. यासाठी हवेचा गेज आणि छोटा पंप जवळ असावा.

दोर आणि पट्टा

टोचन करण्याचा पट्टा आणि हिसका देऊन गाडी काढण्याचा पट्टा या दोन वेगळ्या वस्तू आहेत. पॉलिस्टरचा पट्टा फारसा ताणत नाही. बंद पडलेली गाडी रस्त्यावरून हळू ओढून नेण्यास तो योग्य. नायलॉनचा खास पट्टा सुमारे 20 टक्के ताणतो आणि रबरासारखा मागे येताना अडकलेल्या गाडीला बाहेर खेचतो. तारेच्या दोराने किंवा साखळीने हिसका कधीच मारू नये. त्या ताणत नाहीत, त्यामुळे सगळा धक्का हुकावर आणि चेसिसवर येतो.

नायलॉनचा पट्टा घेताना त्यावरचा तुटण्याचा भार वाचावा. दोन गाड्यांपैकी जी हलकी असेल तिच्या मालासह वजनाच्या दुप्पट ते तिप्पट भाराचा पट्टा घ्यावा. तीन टनांच्या गाडीला सहा ते नऊ टनांचा पट्टा झाला. फार जाड पट्टा घेणेही चुकीचे, कारण तो ताणतच नाही. पट्ट्यावर भार छापलेला नसेल तर कितीही स्वस्त असला तरी घेऊ नये.

पट्ट्याला गाठ मारू नये, गाठीपाशी त्याची ताकद फार कमी होते. दोन पट्टे जोडायचे असतील तर मध्ये शॅकल घालू नये. एकाचा फासा दुसऱ्यातून ओवावा आणि मध्ये वर्तमानपत्राची सुरळी ठेवावी, म्हणजे नंतर तो सुटतो. वापर झाल्यावर पट्टा धुवून सावलीत वाळवावा. मातीचे कण आतून धागे कापतात आणि उन्हाने नायलॉन कमजोर होते. काप पडलेला पट्टा फेकून द्यावा.

शॅकल आणि हूक

बो शॅकलवर डब्ल्यूएलएल ही अक्षरे आणि टनांचा आकडा उठवलेला असावा. तो आकडा म्हणजे रोजच्या वापराचा सुरक्षित भार. 16 मिलिमीटरच्या प्रमाणित बो शॅकलवर 3.25 टन आणि 19 मिलिमीटरच्यावर 4.75 टन असे लिहिलेले असते. पिकअपला 19 मिलिमीटरचा घ्यावा. पिन पूर्ण आवळून मग अर्धा आटा सैल करावी, म्हणजे ताण आल्यावर ती जाम होत नाही.

मुंबईत दारूखान्याकडचा जहाजाच्या मोडीचा माल किंवा भंगारातले शॅकल स्वस्त मिळतात. त्यांनी आधी किती भार सोसला ते विकणाऱ्यालाही माहीत नसते. ताडपत्री बांधायला ते चालतील, गाडी ओढायला नवीन आणि आकडा असलेलाच घ्यावा.

पट्टा अडकवण्याची जागा सर्वांत महत्त्वाची. बंपर, स्प्रिंगचे पट्टे, ॲक्सल आणि टो-बॉल या जागा नाहीत. मोटारगाडी ट्रकवर चढवून बांधण्यासाठी खाली कड्या दिलेल्या असतात, त्याही नाहीत. चेसिसला बोल्टने बसवलेला भक्कम हूक हवा.

येथे गॅरेजवाल्या आणि वेल्डिंगच्या कारागिरांना आमची विनंती आहे. बांधकामाची सळई वाकवून बंपरला वेल्ड केलेला हूक गिऱ्हाइकाला देऊ नये. चेसिसला जाड पट्टी लावून, डोक्यावर 8.8 किंवा त्याहून वरचा आकडा असलेल्या बोल्टने तयार हूक बसवावा. दोन पैसे जास्त सांगावे लागले तरी सांगावेत. चांगले काम करणाऱ्याकडे तालुक्यातल्या सगळ्या पिकअप येतील.

ओढताना

दोर, पट्टा किंवा तार, मध्यावर भिजलेले गोणपाट किंवा जाड चादर टाकावी. तुटल्यास झटका खाली बसतो. बघ्यांना दोराच्या लांबीच्या दीडपट अंतरावर, बाजूला उभे करावे. खुणा एकाच माणसाने कराव्यात. ट्रॅक्टरला पट्टा लावताना तो मागच्या खालच्या ड्रॉबारलाच लावावा. ॲक्सलच्या वर लावला तर ट्रॅक्टरची पुढची चाके उचलतात आणि तो चालकावर उलटतो.

दुसरी गाडी मिळण्यासारखी नसेल तर हाताने चालणारी टिरफोर विंच उत्तम. ती 800, 1600 आणि 3200 किलोच्या क्षमतेत येते. तारेत एक कप्पी घातली की जोर जवळजवळ दुप्पट होतो, वेग मात्र निम्मा. झाडाला तार गुंडाळू नये, सालीला जखम होते आणि तारही मुडपते. रुंद पट्टा बुंध्याशी खाली बांधावा. जास्त भार आल्यास दांड्यातली छोटी पिन आपोआप तुटते, ती रक्षणासाठीच आहे. तिच्या जागी खिळा ठोकणे म्हणजे विंचची तार तोडण्याची तयारी. तार हाताळताना चामड्याचे हातमोजे घालावेत.

दुकानदारांसाठी

हार्डवेअर आणि ऑटो पार्टच्या दुकानदारांनी पावसापूर्वी हे सामान एका पिशवीत भरून विकावे : फावडे, हवेचा गेज, एक नायलॉनचा आणि एक पॉलिस्टरचा पट्टा, 19 मिलिमीटरचे दोन शॅकल, हातमोजे. सुटे सुटे मागायला गिऱ्हाइकाला सुचत नाही. शॅकल आणि पट्टा विकताना त्यावरचा आकडा वाचून दाखवावा आणि तोच बिलावर लिहावा.

गाडी वापरणाऱ्या बांधवांनी पहिल्या पावसाआधी एक दिवस काढून पट्टा तपासावा, पिनला ग्रीस लावावे आणि गाडीचा हूक कुठे आहे ते क्लीनरला हात लावून दाखवावे. चिखलात, अंधारात, मागून बकऱ्या ओरडत असताना तो शोधण्याची वेळ येऊ नये.