सर्पदंशाचा निरोप फोनवरून धाडताना



पावसाळा तोंडावर आला की गावोगावच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सर्पदंशाचे उपाय फिरू लागतात. चावल्या जागी ब्लेडने चीर द्या, वर करकचून दोरी बांधा, अमुक गोळी घरात ठेवा. खाली ‘जास्तीत जास्त लोकांना पाठवा’ हे असतेच. पाठवणाऱ्याचा हेतू वाईट नसतो; पण त्या निरोपाला ना तारीख, ना लिहिणाऱ्याचे नाव.

आपला धंदाच उसाचा. दाट उभ्या उसात उंदीर, उंदरामागे साप, आणि रात्रीची वीज आली की मोटार चालू करायला जाणारे आपणच. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार २००० ते २०१९ या काळात देशात सुमारे १२ लाख माणसे सर्पदंशाने दगावली. वर्षाला सरासरी ५८ हजार. निम्म्याच्या आसपास मृत्यू पावसाळ्यातले.

फोनवरच्या निरोपाची ताकद अशी, की तो ओळखीच्या माणसाकडून येतो. भाऊबंदाने पाठवला म्हणजे खराच, असे आपण धरून चालतो. २०२० च्या फेब्रुवारीत ‘कोंबडीने कोरोना होतो’ ही अफवा अशीच पसरली आणि पोल्ट्रीवाल्या शेतकऱ्यांचे कंबरडे मोडले. फार फिरलेल्या निरोपावर व्हॉट्सअ‍ॅप दोन बाणांची खूण दाखवते आणि त्याच वर्षी एप्रिलपासून असा निरोप एका वेळी एकाच चॅटला पुढे धाडण्याचे बंधन त्याने घातले. ती खूण दिसली की हात आवरावा. मात्र ती नसली म्हणजे मजकूर खरा, असेही नव्हे.

मग धाडायचे काय? चावलेल्या माणसाला धीर द्यावा, चालवू नये. अंगठी, जोडवी, कडे, घट्ट कपडे काढावेत, कारण सूज चढते. चावलेला हात-पाय फळीच्या आधाराने स्थिर ठेवावा. चिरू नये, चोखू नये, आवळू नये; कोणी आधीच आवळून बांधले असेल तर दवाखान्यात डॉक्टरांच्या समोरच सोडावे. साप मारण्यात वेळ घालवू नये. १०८ ला फोन करावा, गाडी हाताशी असेल तर तिनेच निघावे. नाग, मण्यार, घोणस, फुरसे या चारही सापांवर एकच प्रतिविष लस चालते, त्यामुळे मेलेला साप पिशवीत घालून नेण्याची गरज नाही.

मण्यारीबद्दल वेगळे लिहायलाच हवे. ती बहुधा रात्री, जमिनीवर झोपलेल्याला चावते. दुखत नाही, वण दिसेलच असे नाही. पहाटे पोटात कळ येते, पापण्या जड होतात, बोलणे अडखळते. घरचे म्हणतात, पित्त झाले! अशा वेळी एक तासही दवडू नये.

एवढे कोणीही लिहील. पण आपल्या गावाच्या निरोपात जे हवे ते बाहेरचा कोणी लिहू शकत नाही: आज आपल्या जवळच्या कोणत्या सरकारी दवाखान्यात लस शिल्लक आहे, रात्री डॉक्टर असतात का, तिथला फोन नंबर काय, ओढ्याला पाणी आले तर कोणता रस्ता. हे गटातल्या एकाने प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन विचारावे आणि तारीख घालून, स्वतःच्या नावाने पाठवावे. महिन्याने पुन्हा विचारून नवा निरोप धाडावा आणि जुना रद्द म्हणून कळवावे. कोणी चुकीचा उपाय टाकला तर त्याला चारचौघांत खजील करू नये. आधी त्याला फोन करावा, मग त्याच ग्रुपवर बरोबर माहिती घालावी. खाजगीत दुरुस्ती केली तर बाकीच्या शंभरांना ती कळणार कशी?

राहिले ऊसतोड मजूर. हंगामात ते कोप्यांत, जमिनीवरच झोपतात. ते आपल्या ग्रुपवर नसतात, आणि बऱ्याच जणांना वाचता येत नाही. त्यांच्यासाठी हीच माहिती दोन मिनिटांत बोलून मुकादमाच्या फोनवर धाडावी आणि त्याने ती फडावर सर्वांना ऐकवावी. दवाखान्याचा नंबर गट ऑफिसच्या फळ्यावर खडूने लिहून ठेवावा. फोनची बॅटरी उतरली तरी तो वाचता येतो.