नऊ धावा आणि नऊशे एकोणसाठ

काठियावाडच्या संघाने सगळे मिळून २३८ धावा केल्या. महाराष्ट्राच्या कमल भांडारकरांनी एकट्याने २०५. हे दोन आकडे एकत्र केले की ४४३ होतात, आणि नेमक्या तेवढ्याच धावा त्याच सामन्यात भाऊसाहेब निंबाळकरांनी नाबाद राहून काढल्या. डिसेंबर १९४८, पुणे, रणजी करंडक. ही बेरीज मी कितीदा तरी करून पाहिली आहे, आणि दरवेळी तेवढाच थक्क झालो आहे.

गोष्ट इथेच संपत नाही. त्याच हंगामात, तीन महिन्यांनी, पुण्यातच महाराष्ट्र आणि मुंबई यांच्यात सामना झाला आणि त्यात २३७६ धावा निघाल्या. प्रथम श्रेणी क्रिकेटच्या एका सामन्यात तोवर एवढ्या धावा कधी झाल्या नव्हत्या. त्याला आता पाऊणशे वर्षे उलटून गेली, तरी तो आकडा अजून कुणाला गाठता आलेला नाही. एका संघाच्या एकाच हंगामात असे दोन डोंगर उभे राहिले, आणि तरीही त्या वर्षीचा करंडक महाराष्ट्राला मिळाला नाही.

इथे महाराष्ट्र म्हणजे कोण, ते आधी सांगायला हवे. क्रिकेटच्या नकाशावर मुंबई वेगळी आणि विदर्भ वेगळा. उरलेल्या मुलखाचा संघ तो महाराष्ट्र, आणि त्याचा कारभार पुण्यातून चालतो. जुन्नर किंवा आंबेगाव तालुक्यातल्या मुलाने रणजी खेळायचे मनात आणले, तर त्याचा संघ हाच. नारायणगाव, ओतूर, मंचर, घोडेगाव या बाजूला गावोगाव टेनिस बॉलच्या स्पर्धा भरतात. आठ षटकांत शंभर धावा लागल्या की लाऊडस्पीकरवरच्या निवेदकाचा आवाज टिपेला पोचतो. त्या मांडवात बसलेल्या माणसाला ‘एकाने ४४३ केल्या’ असे सांगितले, तर तो आधी विचारेल, ‘किती मॅचमध्ये?’

एकाच मॅचमध्ये, एकाच डावात. ४९४ मिनिटांत, म्हणजे सव्वाआठ तासांत. चौकार ४९ आणि षटकार एक. गणित करून बघा: चौकार-षटकारांच्या मिळून झाल्या २०२. उरलेल्या २४१ धावा निंबाळकरांनी पळून काढल्या. शिवाय पलीकडच्या फलंदाजाच्या प्रत्येक एकेरी-दुहेरीला तेही पळत होतेच. भांडारकर आणि ते, या दोघांनी दुसऱ्या विकेटसाठी ४५५ धावांची भागी केली. भांडारकर पुढे नावाजलेले प्रशिक्षक झाले. फलंदाजीचे तंत्र शिकवणाऱ्या माणसाने आपल्या उमेदीत समोरच्या टोकाला उभे राहून हे सगळे पाहिले होते, याचे मला फार अप्रूप वाटते.

निंबाळकर कोल्हापूरचे. वय नुकते २९ झालेले. त्यांनी बिल पॉन्सफर्डचे ४३७ मागे टाकले तेव्हा त्यांच्यापुढे जगात एकच आकडा उरला होता. डॉन ब्रॅडमनने १९३० च्या जानेवारीत सिडनीला न्यू साउथ वेल्सकडून केलेल्या नाबाद ४५२. तिथवर पोचायला नऊ धावा हव्या होत्या, ओलांडायला दहा. ज्या गतीने ते खेळत होते, ती मिनिटाला सुमारे ०.९ धाव. म्हणजे आणखी अकरा-बारा मिनिटे पुरली असती.

ती मिनिटे मिळाली नाहीत. तिसऱ्या दिवशीच्या मध्यंतराला महाराष्ट्र ४ बाद ८२६ होता. काठियावाडचे कर्णधार होते राजकोटचे ठाकोर साहेब. त्यांनी महाराष्ट्राचे कर्णधार राजा गोखले यांना सांगितले की डाव घोषित करा, नाहीतर आम्ही निघालो. आणखी दोनच षटके द्या, अशी गोखल्यांची विनंती होती. ठाकोर साहेबांनी ती मानली नाही. जागतिक विक्रमाच्या पानावर आपल्या संघाचे नाव असे लागावे, हे त्यांना नको होते. काठियावाडने सामना सोडून दिला आणि निंबाळकर ४४३ वरच राहिले.

ठाकोर साहेबांवर राग काढणे सोपे आहे. पण तो राग जरा आवरून काठियावाडच्या बाजूने मैदानाकडे पाहावे. ५८८ धावांची आघाडी त्यांच्या डोक्यावर होती. सामना हातातून केव्हाच गेलेला. गोलंदाजांनी ज्या चारच विकेट घेतल्या, त्यांच्याकडे कुणी ढुंकूनही पाहणार नव्हते. पुढचा प्रत्येक चेंडू केवळ समोरच्या माणसाचे नाव इतिहासात जावे म्हणून टाकायचा होता. हे मला समजते. तरीही ते थांबायला हवे होते असेच मला वाटते, कारण विक्रम एकट्याचा कधीच नसतो. तो घडायला समोर कुणीतरी उभे राहावे लागते, घाम गाळावा लागतो, हरत असताना चेंडू नीट टाकावा लागतो. प्रतिस्पर्धी मैदान सोडून गेला की जगातला सर्वोत्तम फलंदाजही एक धाव काढू शकत नाही.

हे क्रिकेटपुरते नाही. अमेरिकेतल्या कॉलेजांच्या बास्केटबॉलचेच पाहा. लॉस एंजेलिसच्या लोयोला मेरीमाउंट या कॉलेजच्या मुलांनी १९८९–९० च्या हंगामात सामन्यामागे सरासरी १२२.४ गुण केले. तिथल्या विद्यापीठांच्या वरच्या गटातला हा विक्रम आजही टिकून आहे. प्रशिक्षक पॉल वेस्टहेड यांची शिकवण अशी की चेंडू हातात आला की काही सेकंदांत बास्केटकडे फेकायचा, आणि लगेच समोरच्यावर दबाव टाकून त्यालाही तितक्याच घाईने फेकायला लावायचे. पण समोरच्याने पळायचे ठरवले तरच हा खेळ रंगतो. जानेवारी १९८९ मध्ये यूएस इंटरनॅशनल या विद्यापीठाचा संघ त्यांच्याबरोबर तसा पळाला. निकाल १८१–१५०. चाळीस मिनिटांच्या सामन्यात ३३१ गुण, म्हणजे मिनिटाला आठाहून जास्त. हरणाऱ्यांनी दीडशे गुण केले, म्हणून जिंकणाऱ्यांना १८१ करता आले.

आणि पळायचे नाहीच असे समोरच्याने ठरवले तर? डिसेंबर १९७३ मध्ये टेनेसी विद्यापीठाने टेंपल विद्यापीठाला हरवले ते ११–६ असे. पूर्ण सामन्यात दोन्ही संघांचे मिळून सतरा गुण. चेंडू किती वेळ हातात धरून ठेवायचा याला तेव्हा बंधन नव्हते. कॉलेजच्या पुरुषांच्या खेळात ४५ सेकंदांचे शॉट क्लॉक १९८५–८६ पासून आले. त्या घड्याळाने प्रतिस्पर्ध्याला खेळायला भाग पाडले. काठियावाडसाठी असे कुठलेच घड्याळ नव्हते.

आता मार्च १९४९ मध्ये येऊ. रणजीची उपांत्य फेरी, महाराष्ट्र विरुद्ध मुंबई, सामना निकाल लागेपर्यंत खेळायचा. ५ तारखेला सुरू झालेला तो ११ तारखेला संपला. मुंबईने पहिल्या डावात ६५१ केल्या. माधव मंत्रींचे द्विशतक, उदय मर्चंट १४३, दत्तू फडकर १३१. महाराष्ट्राने ४०७ काढल्या, त्यात मधुसूदन रेग्यांच्या १३३ आणि दातारांच्या १४३. २४४ ची आघाडी हाती असताना मुंबई दुसऱ्यांदा खेळायला आली आणि ८ बाद ७१४ वर डाव घोषित केला. फडकर पुन्हा १६०, मर्चंट पुन्हा १५६. एकाच सामन्यात एकाच संघाच्या दोन फलंदाजांनी दोन्ही डावांत शतक करावे, आणि दोघांनीही दुसऱ्या डावात पहिल्यापेक्षा जास्त धावा कराव्यात! हेच फडकर त्या हंगामात भारतात पहिल्यांदाच आलेल्या वेस्ट इंडीज संघाविरुद्ध कसोटी खेळत होते.

एवढ्या धावा निघाल्या कशा? माझ्या मते सर्वांत मोठे कारण वेळ. चार दिवसांचा सामना असेल तर कर्णधाराच्या डोक्यात सतत हिशोब चालू असतो: किती धावांवर थांबायचे, समोरच्याला बाद करायला किती षटके ठेवायची. सामना संपेपर्यंत खेळायचा असेल तर तो हिशोबच उरत नाही. आघाडी पाचशे झाली तरी सहाशे का करू नये, सातशे का करू नये? घाई करून विकेट फेकण्याचे फलंदाजालाही कारण नाही. खेळपट्टी गोलंदाजाला साथ देणारी असती तर हा सगळा मांड लवकर मोडला असता. ती तशी नव्हती, हे आकडेच बोलतात: २३७६ धावा आणि ३८ विकेट, म्हणजे एका विकेटमागे साडेबासष्ट. अशा बेमुदत खेळाचे टोक दहा वर्षांपूर्वी डर्बनला दिसले होते. १९३९ च्या मार्चमधली ती कसोटी. दक्षिण आफ्रिकेने इंग्लंडपुढे ६९६ धावांचे लक्ष्य ठेवले. इंग्लंडने ५ बाद ६५४ केल्या, जिंकायला ४२ उरल्या, आणि मायदेशी परतणारी बोट चुकू नये म्हणून सामना तिथेच अनिर्णित सोडला.

पुण्यात बोटीचा प्रश्न नव्हता. महाराष्ट्रापुढे होते ९५९ धावांचे लक्ष्य.

हा आकडा क्षणभर डोळ्यांपुढे धरावा. चौथ्या डावात, सामन्याच्या शेवटाला, क्षेत्ररक्षण करून दमलेल्या संघाला ९५९. जगात आजवर कुणी चौथ्या डावात त्याच्या जवळपासही गेलेले नाही. डिसेंबरात काठियावाडपुढे जे उभे होते, त्याहून हे फार मोठे होते. महाराष्ट्राला ‘आम्ही निघालो’ म्हणता आले असते. त्याऐवजी ते पॅड बांधून उतरले. रेग्यांनी पुन्हा शतक काढले, सामन्यातले दुसरे. एस. डी. देवधरांनी १४६. धावफलक तीनशे, चारशे, पाचशे असा सरकत राहिला आणि शेवटची विकेट पडली तेव्हा ६०४ झाल्या होत्या. पराभव ३५४ धावांनी. पण प्रथम श्रेणी क्रिकेटमध्ये चौथ्या डावात यापेक्षा जास्त धावा डर्बनच्या त्या इंग्लंडनेच केल्या आहेत. चौथ्या डावात हरलेल्या संघाने केलेल्या सर्वाधिक धावा आजही याच. सामन्यात शतके झाली नऊ, त्यांतली चार हरणाऱ्यांची.

मुंबई पुढे अंतिम सामन्यात बडोद्याला हरवून करंडक घेऊन गेली. पण २३७६ मध्ये महाराष्ट्राच्या १०११ आहेत. त्या नसत्या, चौथ्या डावात महाराष्ट्र दीडशेत गुंडाळला गेला असता, तर हा विक्रम झालाच नसता. ज्या संघाचा एक विक्रम प्रतिस्पर्धी निघून गेल्यामुळे अडला, त्याच संघाने तीन महिन्यांनी स्वतः टिकून राहून दुसरा घडवला. १९४८–४९ च्या हंगामातले हे मला सर्वांत मोठे आश्चर्य वाटते, ४४३ पेक्षाही मोठे.

पुढे ब्रॅडमनला मागे टाकले हनीफ मोहम्मद यांनी, जानेवारी १९५९ मध्ये कराचीला. ४९९ वर ते धावबाद झाले. मग ६ जून १९९४ ला बर्मिंगहॅमच्या एजबॅस्टनवर ब्रायन लाराच्या नाबाद ५०१. सामना अनिर्णित सुटणार हे उघड झाले होते, तरी डरहॅमचा संघ शेवटच्या षटकापर्यंत मैदानात होता. फलंदाज असलेल्या जॉन मॉरिसने ते षटक टाकले आणि लाराने चौकार मारून पाचशे ओलांडले. भारतीयांत निंबाळकरांचे ४४३ आजही सर्वोच्च, आणि जगात चौथे. ब्रॅडमन यांनी त्यांना चिठ्ठी पाठवून त्यांची खेळी आपल्या खेळीपेक्षा सरस असल्याचे कळवले होते, अशी आठवण क्रिकेटच्या जगात अजून सांगतात. कसोटीची टोपी मात्र त्यांना कधीच मिळाली नाही. प्रथम श्रेणीत ४७ च्या वर सरासरी असूनही नाही. ११ डिसेंबर २०१२ ला, ९३ व्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी, ते गेले.

आणि २३७६? मार्च २०२२ मध्ये कोलकात्याला झारखंडने नागालँडविरुद्ध ८८० आणि ६ बाद ४१७ केल्या, आघाडी १००८ वर नेली. रणजीत नवखे असलेले नागालँडचे खेळाडू पाचही दिवस मैदानात उभे राहिले. त्यांच्या एका डावातल्या २८९ धरूनही सामन्याची बेरीज १५८६ च भरली. रणजीची बाद फेरी आता पाच दिवसांची, दिवसाला ९० षटके. २३७६ ओलांडायच्या तर पाचही दिवस रोज ४७६ धावा हव्यात, षटकामागे सव्वापाचहून जास्त, आणि तेही डाव बदलताना जाणारी षटके न धरता. शिवाय दोन्ही संघांना तसेच खेळावे लागेल.