फिल्टरमागचे पांढरे गोळे

खाऱ्या पाण्याची टाकी बसून काही महिने झाले, मासे रुळले, की एखाद्या दिवशी पंपाच्या मागे किंवा पाइपच्या आत, जिथे उजेड पोचत नाही अशा जागी तांदळाच्या दाण्याएवढे पांढरट गोळे दिसू लागतात. बघता बघता त्यांची दाटी होते. ही बुरशी नाही, माशांची अंडीही नाहीत. टोकाला केसांचा झुबका असलेला हा जीव म्हणजे ‘सायकॉन’ जातीचा स्पंज, चक्क प्राणी. शौकीन त्याला ‘पाइनॅपल स्पंज’ म्हणतात.

बीडहून समुद्र सरळ रेषेत मोजला तरी सुमारे ३०० किलोमीटर. इथे टाकीतला समुद्र घरीच तयार होतो: आरओचे पाणी आणि लिटरमागे साधारण ३५ ग्रॅम सागरी मीठ. त्या पाण्यात स्पंज येतो तो कुठल्या तरी दगडाला, शिंपल्याला चिकटून, नाहीतर दुसऱ्याच्या टाकीतल्या पाण्याबरोबर. त्याची अळी इतकी बारीक असते, की दिसण्याचा प्रश्नच नाही. समुद्रातून प्रवाळाचा दगड उचलून आणण्याची वाट मात्र बंद आहे. २००१ मध्ये प्रवाळभित्ती बांधणाऱ्या प्रवाळांना वन्यजीव संरक्षण कायद्याच्या यादीत जागा मिळाली. त्याच वेळी चुनखडीचा सांगाडा असलेले सगळे स्पंजही त्या यादीत आले. गंमत अशी, की सायकॉन त्यांच्यातलाच.

गोळे अचानक का वाढतात? उत्तर त्यांच्या खाण्यात आहे. स्पंजाला तोंड नाही, पोट नाही. तो अंगावरच्या छिद्रांतून पाणी आत ओढतो, त्यातले जिवाणू आणि बारीक कण टिपतो आणि उरलेले पाणी बाहेर सोडतो. ‘ल्युकोनिया’ नावाचा जेमतेम १० सेंटिमीटर उंचीचा स्पंज दिवसाला सुमारे साडेबावीस लिटर पाणी असे गाळतो. म्हणजे टाकीत स्पंजांची गर्दी झाली, तर त्यांना पुरेल इतके अन्न पाण्यात आहे, एवढे नक्की. बहुतेक वेळा माशांना खाणे जास्त पडत असते, किंवा फिल्टरचा कापूस धुवायचा राहून गेलेला असतो. सायकॉन माशांना इजा करत नाही, उलट पाणी फुकट गाळून देतो. त्याच्यावर चिडण्याआधी खाण्याचा डबा तपासलेला बरा.

दुसरा गट सिलिकाचे सांगाडे बांधणाऱ्या स्पंजांचा. इथे बीडच्या जमिनीचा संबंध येतो. दख्खनच्या काळ्या पाषाणातून झिरपलेल्या बोअरच्या पाण्यात सिलिका विरघळलेली असते. घरगुती आरओमध्ये चव राखण्यासाठी टीडीएस कंट्रोलर असेल, तर थोडे कच्चे पाणी वळसा घेऊन गाळलेल्या पाण्यात मिसळते आणि सिलिका टाकीत पोचते. काचेवर तपकिरी साय धरू लागली, तर संशय आधी तिथेच घ्यावा.

मराठी मुलखात स्पंजांचा अभ्यास जुना आहे, तोही गोड्या पाण्यातल्या. मुंबईत नोकरीला असलेले डॉक्टर हेन्री जॉन कार्टर १८४० च्या दशकात शहरातल्या तलावांमधले स्पंज सूक्ष्मदर्शकाखाली न्याहाळत होते. ‘युनापियस कार्टरी’ या जातीला त्यांचेच नाव मिळाले. तलाव आटला, की ती सुप्त बीजांसारख्या गोळ्या मागे ठेवते आणि पाणी आले की त्यातून पुन्हा स्पंज उगवतो. सायकॉनकडे ही सोय नाही. त्यामुळे काढून उन्हात खडखडीत वाळवलेला पाइप निर्धास्त परत लावता येतो.

टाकीच्या आत घासाघाशी मात्र टाळावी. १९०७ मध्ये एच. व्ही. विल्सन या अमेरिकी प्राणिशास्त्रज्ञाने एक सागरी स्पंज रेशमी कापडातून पिळून काढला. सुट्या झालेल्या पेशी पुन्हा एकत्र आल्या आणि त्यांच्यातून नवे स्पंज घडले. सगळ्याच जातींना हे इतके सहज जमत नसले, तरी पाण्यात तुकडे पसरवण्याची जोखीम कशाला? शिवाय मोठा स्पंज टाकीतच मेला तर सडतो, अमोनिया वाढतो आणि मग खरोखरच मासे धोक्यात येतात. प्रवाळावर चढणारा स्पंज काढायचाच असेल, तर दगड बाहेर घ्यावा, जुन्या टूथब्रशने खरवडावा आणि टाकीतल्याच पाण्याने भरलेल्या बादलीत विसळून परत ठेवावा. एका दिवशी एकच दगड पुरे. बादलीतले पाणी मोरीत ओतावे, टाकीत नाही.