स्पेसरच्या भिंतीला चिकटलेले औषध

काही वर्षांपूर्वी, थंडीच्या अखेरीस, दम्याने त्रस्त असलेल्या पाच वर्षांच्या एका मुलाला त्याची आई रात्री पुन्हा माझ्याकडे घेऊन आली. औषध योग्य, मात्रा योग्य, श्वास घेण्याची पद्धतही योग्य. तरी छातीतील घरघर कमी होत नव्हती. मी स्पेसर पाहावयास मागितला. तो काचेसारखा लखलखीत होता. "तुम्हीच स्वच्छ ठेवायला सांगितलं होतं ना डॉक्टरसाहेब, म्हणून रोज कोरड्या फडक्याने पुसते," ती म्हणाली. चूक तिची नव्हती. स्वच्छ कसा ठेवावा, हे मीच सांगितले नव्हते.

दोन भिन्न पदार्थ एकमेकांना टेकून दूर झाले की एकावर ऋण आणि दुसऱ्यावर तितकाच धन विद्युतभार उरतो. त्यासाठी घासलेच पाहिजे असे नाही. घासल्याने स्पर्श अधिक ठिकाणी घडतो, इतकेच. (दोन विद्युतरोधकांमध्ये नेमके काय सरकते, इलेक्ट्रॉन, आयन की पदार्थाचेच सूक्ष्म कण, यावर भौतिकशास्त्रज्ञांत अद्याप मतभेद आहेत. मतभेद काही आपल्या वैद्यकातच नसतात!) धातूवरील भार हात लावताच वाहून जातो; प्लॅस्टिकवरील भार मात्र जागीच ठाण मांडून बसतो.

आपल्या बुऱ्हाणपुरातील पॉवरलूमवाल्यांना हे निराळे सांगावयास नको. हवा कोरडी झाली की पॉलिएस्टरचे धागे एकमेकांपासून दूर पळतात आणि यंत्राला चिकटतात. हवेत ओलावा असला की पृष्ठभागावर पाण्याचा पातळ थर बसतो व भार निघून जातो.

साल्ब्युटामॉलच्या नेहमीच्या इनहेलरमधून एका फवाऱ्यात 100 मायक्रोग्रॅम औषध बाहेर पडते. फुप्फुसात खोलवर पोहोचणारे कण साधारणतः 1 ते 5 मायक्रॉनचे. इतके हलके कण भारित भिंतीकडे ओढले जाऊन तेथेच चिकटतात. मूल तोंड लावण्यास जितका उशीर करील, तितके औषध कमी.

उपाय घरातलाच आहे. कोमट पाण्यात भांड्यांच्या द्रवरूप साबणाचे काही थेंब टाकून स्पेसर त्यात बुडवावा. आतून न पुसता, न खंगाळता, निथळत ठेवून हवेवर वाळू द्यावा. साबणाचा अदृश्य थर भार साचू देत नाही. तोंडाला लागणारा भाग तेवढा पाण्याने धुवावा. नवा स्पेसरही वापरण्यापूर्वी असाच धुवावा व पुढे महिन्यातून एकदा. धातूच्या व अँटिस्टॅटिक स्पेसरना भार घालविण्यासाठी हा खटाटोप लागत नाही.

त्या रात्री नेब्युलायझरने मुलाला आराम पडला. तेव्हापासून दम्याचे मूल आले की मी आधी स्पेसर हाती घेतो आणि तो फार चमकत असला तर विचारतो, "पुसता कशाने?"